खिंडीतला रडका दगड

"रडला! रडला! आयो, खरंच रडला गं!"

पुढच्या रांगेला दिसलं म्हणून ती ओरडली, आणि मागच्या रांगेला काहीच दिसलं नाही म्हणून ती दुप्पट ओरडली. भाजे लेण्यांच्या पायथ्याची आमराई ही खरं तर दुपारी गुरं बसायची जागा. पण त्या चैत्रात तिथं अर्धं मावळ बसलं होतं, आणि गुरं लांब उन्हात उभी राहून, आपल्या जागेवर हे कोण बसलंय, ते बघत होती.

मधोमध व्याघ्रांबरावर हिमनाथ महाराज. व्याघ्रांबराला वाघाचे पट्टे असतात, याला चितळाचे ठिपके होते. पण महाराजांच्या पुढ्यात बसून ठिपक्यांकडे बघणारा भक्त अजून जन्माला यायचा होता. समोर निखारे, निखाऱ्यांवर लोखंडी तवा, तव्यावर राख फासलेला लिंबाएवढा दगड, आणि दगडावर उलटी घातलेली काचेची हंडी. ही हंडी पूर्वी लोणावळ्यात एखाद्या पारशाच्या बंगल्यात दिवा मिरवत असावी. आता चमत्कार मिरवत होती. तिच्या आतून आधी धुकं धरलं, मग धुक्याचे थेंब झाले, आणि एक थेंब सगळ्यांच्या देखत काचेवरून ओघळला.

"बच्चा लोग!" महाराजांनी हात वर केला. "हा दगड नव्हे. हा हिमालयाचा कंठ आहे! उत्तरेला, मेघांच्याही वर, एक खिंड आहे. तिथे पक्षी पायी चालतात, कारण उडायला हवाच नाही. त्या खिंडीत एका महान बौद्ध सिद्धपुरुषाच्या अस्थींवर स्तूप उभा आहे. त्या स्तूपापाशी आम्ही बारा वर्षं एका पायावर उभे होतो."

"कुटल्या पायावर, म्हाराज?" एका म्हाताऱ्यानं भक्तिभावानं विचारलं.

"ज्याच्यावर देह होता, त्याच्यावर."

म्हाताऱ्यानं हात जोडले. उत्तरात काही कमी आहे, असं त्याला वाटलं नाही.

"वर पाहा!" महाराजांनी डोंगराकडे बोट केलं. लेण्यांच्या कडेला दगडी स्तूपांची ओळ आहे. ती जुन्या काळच्या भिक्षूंची स्मारकं. गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं. बाया त्यांना पांडवांची उखळं म्हणायच्या. "हे तुमचे स्तूप त्या हिमालयातल्या स्तूपाचे धाकटे भाऊ आहेत. थोरल्यानं आम्हाला धाकट्यांकडे धाडलं. शुद्ध मनाच्या माणसाचा हात लागला, की थोरल्याच्या दगडाला पाझर फुटतो. खोट असलेला हात लागला, तर दगड कोरडा! आणि हा बघा तुमचा मावळचा दगड."

चेल्यानं आमराईतलाच एक काळा धोंडा उचलून तव्यावर ठेवला. हंडी घातली. बराच वेळ गेला. काच कोरडी ठणठणीत.

"रडला? नाही! निगरगट्ट!"

लोकांना आपल्या दगडाची फार लाज वाटली. लाजेच्या भरात त्यांनी पदरचा आंबेमोहोर तांदूळ महाराजांच्या पुढ्यात ओतला. चेला पोत्याचं तोंड धरून उभाच होता.

मळवलीचा हौशीराम मागं झाडाला टेकून हे बघत होता आणि त्याच्या पोटात जळत होतं. भक्तीनं नव्हे, मत्सरानं. कारण हिमालयाची खिंड ही आजवर त्याची एकट्याची मालमत्ता होती.

जर्मन लढाईच्या आधीपासून हौशीराम सरकारी खेचरांच्या पलटणीत होता. तांड्याबरोबर तिबेटच्या वाटेवर तो गेला होता, आणि अशी एक खिंड त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. तिथं मोठ्या लामाच्या अस्थींवर बांधलेला पांढरा स्तूप होता. तिथली माणसं त्याला छोर्तेन म्हणत. भोवती दोऱ्यांवर चिंध्यांसारख्या रंगीत पताका फडफडत, आणि वारा असा, की खेचरांचे कान मागं चिकटून जात. येणारा-जाणारा प्रत्येक जण वाटेवरून एक दगड उचलून तिथल्या राशीवर ठेवायचा, उजवं घालून फेरी मारायचा आणि मग उतार धरायचा. हौशीरामचं 'राणी' नावाचं खेचर त्याच चढावर दम तुटून मेलं होतं. त्यानं तिच्या नावानं एक दगड राशीवर ठेवला होता, आणि एक तिबेटी म्हातारी, ओळख ना पाळख, त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली होती.

पेन्शनीत आल्यावर ही हकीगत त्यानं गावात सांगितली. लोक पोट धरधरून हसले. "खेचरासाठी दगूड? आबा, गांजा तितला भारी व्हता वाटतं!" मग हौशीरामनं चिडून गारा बैलगाडीएवढ्या केल्या, लामा झाडाएवढा केला, आणि थापाड्या म्हणून कायमचा ठरला. आता त्याच खिंडीतून दुसरा एक माणूस पक्षी चालवत आला होता, आणि लोक त्याला तांदूळ देत होते!

हौशीराम पुढं झाला.

"म्हाराज, म्या बी गेलतो अशा खिंडीत. तितं दगूड ठेवत्यात. उचलीत न्हाईत कुनी. तुमी कसा आनला?"

"सामान्यांनी ठेवायचे, बच्चा," महाराज हसले. "आम्ही उचलायचे."

"बरं, तितला च्या कसा असतो, त्ये तरी सांगा."

"अमृतासारखा! गोड, केशर घातलेला."

"खोटं! खारट असतो. लोनी टाकून, मीठ घालून पित्यात!"

आमराई हास्यानं फुटली. "चहात मीठ! आबा, आज आमटीत साखर पडलीया का?" महाराजही हसले, पण हसताना त्यांनी चेल्याला डोळ्यानं काहीतरी सांगितलं, आणि चेल्यानं हौशीरामचं तोंड नीट बघून ठेवलं.

त्याची फेड दुसऱ्याच दिवशी झाली.

हौशीरामच्या लेकीचं, नंदाचं लग्न औंढ्याच्या धोंडाबाईच्या मुलाशी, नथूशी ठरलं होतं. सुपारी फुटली होती, वैशाखातली तिथी धरली होती. धोंडाबाई विधवा बाई, कष्टाळू, एकहाती शेत सांभाळलेली. पण विहीर आटेल, म्हैस आटेल, नशीब आटेल, ही धास्ती तिच्या मनात कायमची. ती सरुबाईला, म्हणजे हौशीरामच्या बायकोला म्हणाली, "विहीनबाई, येकदा दगडाचा कौल घिऊ. पोर गुनाची हाय, म्या कुटं न्हाई म्हनतीया? पर बघू दगूड काय म्हनतो."

हौशीराम उसळला. "माजी पोर दगडापुडं उभी ऱ्हानार न्हाई!"

"न्हाई म्हनलं, तर लोक म्हनतील पोरीत खोट हाय," सरुबाई म्हणाली. "चला."

चेल्यानं पिवळ्या थैलीतून दगड काढला, नंदानं उजवा हात लावला, तवा तापला, हंडी पडली. सगळी आमराई काचेकडे बघत राहिली. काच कोरडी. निखाऱ्यांना वारा घातला. तरी कोरडी.

महाराजांनी डोळे मिटले. "हिच्या पावलात दुष्काळ आहे. जिथे जाईल, तिथली विहीर आटेल."

धोंडाबाईनं तोंडाला पदर लावला, मुलाला दंडाला धरलं आणि चालू लागली. नथूनं एकदा मागं वळून बघितलं, मग तोही गेला. संध्याकाळी नंदा घागर घेऊन विहिरीवर गेली, तर बाया बाजूला सरकल्या. एकीनं आपला पोहरा घाईनं वर ओढून घेतला. नंदा रिकामी घागर घेऊन परत आली आणि चूल फुंकत बसली. विस्तव नसलेली चूल.

तिकडं हौशीराम चेल्याला बडवायला महाराजांच्या तंबूच्या मागं गेला होता. चेला सापडला नाही. करवंदीच्या जाळीत मात्र पांढऱ्या खड्यांचा ढीग टाकलेला दिसला. रागानं त्यानं एकाला लाथ मारली, तर तो बत्ताशासारखा भुगा झाला. लाथेचं एवढं समाधान दगडाकडून मिळालेलं त्याला आठवत नव्हतं. त्यानं एक खडा उचलून कनवटीला लावला, आणि विसरला.

मावळात भातशेतीची एक जुनी रीत आहे. पावसाच्या आधी रोपाच्या वाफ्यावर पालापाचोळा, शेणी, गवत पसरून जाळायचं. त्याला राब भाजणं म्हणतात. लग्न मोडो, जग मोडो, राब भाजावाच लागतो. तिसऱ्या दिवशी हौशीरामच्या घरची तिघं राबाची राख सारखी करत होती. नंदा दाताळ्यानं राख ओढत होती, ती मध्येच थांबली.

"बा, हिकडं या. ह्ये पांढरं खडं बगा. भाजून फुगल्यात."

"फुगनारच. दरसाल फुगत्यात. तुजी आजी त्यांना राबाच्या लाह्या म्हनायची."

"आनि तुमच्या कनवटीला काय हाय? मघाशी वाकलात तवा पांढरा भुगा सांडला."

हौशीरामनं कनवट सोडली. तंबूमागचा खडा आणि राबातला खडा तळहातावर शेजारी शेजारी ठेवला. दोन्ही तसेच फुगलेले, तसेच पांढरे, नखानं उकरले तर तसेच भुसभुशीत. बापलेकी एकमेकांकडे बघत राहिले.

इतक्यात बांधावरून फकरुद्दीन आला. रेल्वेत खंडाळ्याच्या बोगद्यांकडे तो गँगचा मुकादम होता, आणि हौशीरामचं चहातलं मीठ खरं मानणारा गावातला एकुलता एक माणूस. त्यानं खडे हातात घेतले.

"हे तर आपले बोगद्याच्या कातळातले गारगोटे! कातळ फोडला की पोकळीत चमकत बसलेले असतात. तुमच्या बांधावर पण पडलेत ना, ते बघा. मुंबैच्या कॉलेजचे एक मास्तर दर थंडीला पेटी भरून नेतात. ते म्हणायचे, मुकादम, या दगडाच्या आत पाणी कोंडलेलं असतं. दिसत नाही, हाताला लागत नाही. पण भाजला की वाफ होऊन बाहेर येतं. एकदा गेलं की दगड फुगतो, पांढरा पडतो, आणि कोरडा होतो." तो थबकला. "थांबा, थांबा. महाराजांचा तो चेला परवाच यातलं पोतं भरून घेऊन गेला! मी विचारलं कशाला, तर म्हणतो, महाराजांना उशाला लागतात."

"आनि काळा धोंडा?" नंदानं विचारलं. "त्यो का न्हाई रडला?"

"त्याच्यात कोंडलेलं पाणीच नाही, बेटी. रडेल कशानं?"

सरुबाई तडक घरी गेली, तवा तापवला, बांधावरचा चकचकीत गारगोटा त्यावर ठेवला. फकरुद्दीननं स्टेशनावरच्या चहावाल्याचा जाड काचेचा गलास आणला होता, तो वर पालथा घातला. काचेला धुकं आलं. थेंब आले. थेंब ओघळले. दगड निवल्यावर पुन्हा तोच तापवला. गलास कोरडा.

"आत्ता गं बया!" सरुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "चुलीत ओलं लाकूड घातलं, की त्याच्या बी दुसऱ्या टोकाला पानी सुटतं. म्हनून म्या काय लाकडाच्या पाया पडत्ये?"

"म्हंजी त्याच्याकडं दोन थैल्या असनार," नंदा हळूच म्हणाली. "येक ताज्या दगडांची, येक भाजलेल्यांची. राख फासली, की दोन्ही सारकीच. ज्याला रडवायचा त्याला ताजा. माज्यासाटी भाजलेला."

हौशीरामनं काठी उचलली. "आत्ता जाऊन सांगतो समद्यांना!"

"तुमी सांगितलं तर कोन ऐकंल, बा? तुमचं खरं बी कुनी ऐकत न्हाई."

हौशीरामनं काठी खाली ठेवली. मुद्दा बिनतोड होता.

"मानसांना सांगायचं न्हाई," नंदा म्हणाली. "त्यांच्याच हातानं करवून घ्यायचं."

पुढच्या रविवारी आमराई फुलून गेली होती. महाराज हिमालयात वाघाला उपदेश करत होते, तेवढ्यात सरुबाई गर्दीतून आली. तिनं महाराजांच्या समोर तीन दगडांची चूल मांडली, आपला तवा ठेवला आणि पदरातले गारगोटे शेजारी ओतले. मागं नंदा होती, हातात गलास.

"हे काय?" महाराज दचकले.

"काय न्हाई, म्हाराज. माजा हात कोरडा ठरला. म्हनलं, आपन आपल्या दगडावर सराव करावा," नंदा म्हणाली.

लोक हसले. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो? नंदानं गर्दीवरून नजर फिरवली. "कोंडाजीकाका, तुमी या बरं."

कोंडाजी हा पंचक्रोशीतला नावाजलेला कोंबडीचोर. तो संकोचून पुढं आला, दोन बोटांनी त्यातल्या एका दगडाला शिवला आणि लगेच मागं सरला. दगड तापला. काचेला धुकं आलं, आणि मग असे थेंब सुटले, की महाराजांच्या हंडीलाही कधी सुटले नव्हते.

"कोंडाजी शुद्ध!" कुणीतरी ओरडलं.

"आरं, कसला शुद्ध!" कोंडाजीच घाबरून म्हणाला. "काल सांजच्याला बी येक उचलली की म्या! पखं अजून उकिरड्यावर हाईत!"

आता हसू वेगळं होतं. ज्याची कोंबडी होती, तो एकटा हसत नव्हता.

"आता ह्योच दगूड," नंदा म्हणाली, "आनि धोंडाबाईमावशीचा हात."

धोंडाबाई पुढच्याच रांगेत होती. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणायचं? तिनं निवलेल्या दगडावर पूर्ण तळवा ठेवला, मनातल्या मनात कुलदेवीचं नाव घेतलं. तवा तापला. काच कोरडी. सरुबाईनं फुंकणीनं विस्तव लाल केला. कोरडी. गर्दीत कुजबुज धावली, आणि शेजारची बाई धोंडाबाईपासून वीतभर सरकली. त्या दिवशी विहिरीवर बाया सरकल्या होत्या, अगदी तशीच. धोंडाबाईचं तोंड पांढरं पडलं.

"पाप! पाप उघडं झालं!" महाराजांना एकदम सूर सापडला. "बच्चा लोग, या बाईच्या..."

"थांबा, म्हाराज," हौशीराम म्हणाला. तोवर फकरुद्दीननं चेल्याच्या कमरेच्या दोन्ही थैल्या, एक तांबडी आणि एक पिवळी, अलगद सोडवून आणल्या होत्या. हौशीरामनं पिवळ्या थैलीतला दगड धोतरावर पुसला. राख निघाली आणि आतून पांढरी, भुसभुशीत, राबातली लाही निघाली. "ह्यो तुमच्याच थैलीतला, हिमालयातला. आनि आता तुमचाच हात."

महाराज म्हणाले, आज आमचं मौन आहे.

"मौन तोंडाचं असतं," सरुबाई म्हणाली. "हात पुडं करा."

चार जणांनी महाराजांचा हात प्रेमानं पुढं करवला. दगड महाराजांच्याच तव्यावर, महाराजांच्याच हंडीखाली तापला. हंडी कोरडी राहिली. मग नंदानं एकेक गोष्ट उलगडून सांगितली: ताजा गारगोटा, भाजलेला गारगोटा, दोन थैल्या, आणि आपल्याच घाटातल्या बोगद्यातून आलेला हिमालय. सांगताना ती दगड लोकांच्या हातात देत होती. लोक फोडून बघत होते, हुंगून बघत होते, एकानं तर चाटून बघितला. प्रत्येक घरात दरसाल राब भाजला जात होता, प्रत्येकानं या लाह्या पायानं तुडवल्या होत्या, आणि त्यांच्याच समोर बसून सगळ्यांनी तांदूळ ओतला होता.

"आम्हाला हिमालय बोलावतो आहे," असं म्हणून महाराज उठले आणि मळवली स्टेशनाकडे निघाले. फलाटावर त्यांनी कल्याणचं तिकीट काढलं, असं फकरुद्दीन पुढं सांगायचा. तांदळाची पोती मागं राहिली. ज्यानं त्यानं आपापला तांदूळ परत मापून घेतला. काहींनी ओतला होता त्यापेक्षा अंमळ जास्तच.

धोंडाबाई मात्र जागची हलली नव्हती. कोरड्या काचेकडे बघत बसली होती. नंदा तिच्याजवळ गेली आणि तिच्या हातात एक चकचकीत गारगोटा ठेवला.

"मावशी, ह्यो घ्या. ह्यो अजून भाजल्याला न्हाई. ठेवा तव्यावर."

तो घळाघळा पाझरला. धोंडाबाईच्या डोळ्यांचंही काही निराळं नव्हतं. "पोरी, माजं चुकलं. वैशाखाची तिथी हाय तशी धरू?"

"त्ये आता दगडाला न्हाई इचारायचं, आनि मावशी, तुमाला बी न्हाई," नंदा म्हणाली, आणि गर्दीच्या टोकाला बघून आवाज चढवला. "नथू! त्या दिशी म्या हितं कोरडी ठरले, तवा तुमी कुटं व्हता?"

सगळ्या माना वळल्या. नथू कानापर्यंत लाल झाला. "मागं... मागं उभा व्हतो."

"मग म्होरं या. समद्यांदेखत."

नथू निघाला. गर्दी दाट होती आणि कुणीही बाजूला व्हायला तयार नव्हतं, कारण सगळ्यांना बघायचं होतं. त्यामुळे त्याला बराच वेळ लागला. पण तो आला. नंदाच्या शेजारी, तव्याच्या अलीकडे, लोकांकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "लगीन करायचं तर हिच्याशीच. हिची इच्छा आसंल तर." नंदानं चुलीवरचा तवा उतरवून फडक्यासकट त्याच्या हातात दिला, घरापर्यंत धरून न्यायला.

बाकी दगडाचं म्हणाल, तर तो बिचारा निर्दोष आहे. आत पाणी असलं तर भाजल्यावर सोडतो, नसलं तर सोडत नाही. कोण कोंबडीचोर आणि कोणाचा पायगुण कसला, याची त्याला खबर नसते. ती खबर आपल्याला हवी असेल, तर माणसाला विचारावी. आणि कुणी चमत्कार दाखवायला आलाच, तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणावं: महाराज, पुन्हा एकदा करून दाखवा, फक्त या वेळी दगड आमचा.